फ्रिजसमोरची तालीम

माझा ब्लॉग रोज सतरा माणसं वाचत. त्यातली चार मीच होतो. टोरांटोचे एक निवृत्त वाचक, नाशिकची एक कॉलेजकन्या, एक चिडका दुबईकर आणि नुसतंच ‘वा!’ लिहून निघून जाणारा एक मितभाषी गृहस्थ, हे चौघे मस्कतच्या अल हैल भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एकाच खुर्चीत बसून प्रतिक्रिया लिहीत. टोरांटोकरांची आणि दुबईकराची एकदा चांगलीच जुंपली होती. मी मध्ये पडून ते मिटवलं, आणि संयम राखल्याबद्दल नाशिकच्या मुलीने माझं कौतुकही केलं.

हे दोन हजार आठ सालचं. अमेरिकेत निवडणूक होती, म्हणून मी कामात होतो.

अमेरिकेशी माझा संबंध म्हणाल तर काही नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून मस्कतला आलो तो रुवीतल्या एका कंत्राटदाराकडे एस्टिमेटर म्हणून. नकाशा समोर ठेवायचा आणि इमारतीला किती फरशी लागेल, किती रंग लागेल, याचा अंदाज बांधायचा. बघितलेलं नसतानाही ठामपणे सांगायचं, हा या धंद्याचा पाया आहे, आणि ब्लॉग लिहिताना तो मला फार उपयोगी पडला. इथे आल्यावर भारतातल्या मतदारयादीतून माझं नाव गेलं, ओमानमध्ये यादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. माणसाला पंधरा वर्षं कुणी काही विचारलं नाही की तो आपणहून सांगायला लागतो. इथल्या राजकारणावर लिहिणं शहाणपणाचं नव्हतं. भारतातल्या राजकारणावर लिहिलं की सासरे फोनवर बोलेनासे होत. अमेरिकेला कितीही झोडपलं तरी ना अर्बाब, म्हणजे इथले मालक, रागावत, ना सासरे. तेव्हा मी अमेरिकेला धरलं.

टोपणनाव घेतलं होतं. ते इथे सांगत नाही, अजून लाज वाटते. घरात बायकोला एवढंच माहीत होतं की मी ‘अमेरिकेवर काहीतरी’ लिहितो. तिने एक-दोनदा वाचायला मागितलं, तर मी ‘तुला कंटाळा येईल’ म्हणालो. वरच्या चार वाचकांशी तिची ओळख होऊ नये हे खरं कारण होतं.

आणि मी नुसता ब्लॉगर नव्हतो, तत्त्वनिष्ठ ब्लॉगर होतो. तिकडे अमेरिकेत ब्लॉगवाले उमेदवारांवर हवे तसे हल्ले चढवत होते आणि त्यांना काही नीतिमत्ता आहे की नाही यावर चर्चा झडत होती. ती वाचून मीही ‘ब्लॉगलेखकाची आचारसंहिता’ असा लेख लिहिला. सात नियम होते. स्वतः पडताळल्याशिवाय लिहू नये. कुणाच्या घरात शिरू नये. चूक झाली तर ती त्याच जागी, तितक्याच मोठ्या अक्षरांत कबूल करावी, हा पाचवा. लेखाखाली टोपणनावाने सही केली. टोरांटोकर भारावून गेले.

त्या वर्षी तिकडे सगळा वाद अनुभवाचा होता. कुणाला राज्यकारभाराचा अनुभव आहे, कुणाला नाही, आणि अनुभव म्हणजे नक्की काय. मोठ्या उमेदवारांवर अख्खं जग लिहीत होतं, तिथे माझं कोण वाचणार? म्हणून मी एक बारकी उमेदवार धरली. नकाशात मला शोधूनही न सापडलेल्या कुठल्याशा भागातून एक बाई खालच्या सभागृहासाठी उभी होती. शाळेत शिकवायची, दोन मुलं होती, राजकारणाशी संबंध शून्य. एवढी माहिती मला एका बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात मिळाली होती. मला हवा होता हजार शब्दांचा लेख. बाकीचं मी अंदाजाने भरलं.

अंदाजाला सामान लागतं. शाळेत शिकवणारी, मुलंबाळं असलेली, राजकारणाशी संबंध नसलेली बाई म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच बाई होती, आणि ती त्या वेळी स्वयंपाकघरात होती.

माझी बायको भारतीय शाळेत गणित शिकवायची. शिवाय चार वर्षं दर शुक्रवारी सकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत ती मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायची. आपली मुलं आपसात इंग्रजी बोलतात, घरी हिंदी सिरियल बघतात, आणि आजीचा फोन आला की त्यांच्या तोंडाला कुलूप लागतं, हे तिला खुपायचं. सहा मुलांवर सुरू झालेला वर्ग तीसवर गेला होता, आणि मी शुक्रवारी सकाळी बेडरूममध्ये कोंडला जात होतो. एकदा वर्गाच्या पालकांपुढे तिला बोलायचं होतं. मी पाणी प्यायला आत गेलो तर ही फ्रिजसमोर उभी. आमच्या फ्रिजला चंदेरी दार होतं, त्यात माणसाचं धूसर रूप दिसायचं. त्याच्याकडे बघत ही हलक्या आवाजात म्हणत होती, ‘नमस्कार. मी फार वेळ घेणार नाही.’ मला बघून ती लाजली. चाळिशीतली, दोन हजार मुलांना भागाकार शिकवलेली बाई कानापर्यंत लाल झाली.

“कुणाला सांगू नका हं,” ती म्हणाली.

“वेडी आहेस का?” मी म्हणालो.

तर तो लेख. त्यात मी लिहिलं: या बाईंचा अनुभव काय? बरण्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या चिकटवण्याचा. एकदा दोन बसगाड्या भरून सहल नेली आणि सर्वांना मोजून परत आणलं, त्या दिवसापासून आपल्याला कारभार जमतो असं त्यांना वाटू लागलं. भाषणाची तालीम त्या फ्रिजसमोर करतात. फ्रिजने आजवर त्यांना एकदाही अडवलेलं नाही, म्हणून त्या स्वतःला वक्त्या समजतात.

ती सहल रुस्ताकची होती. तिकडचे गरम पाण्याचे झरे बघायला तिने वर्गाची मुलं आणि पालक नेले होते. येताना एक बस बंद पडली, तेव्हा दोन तास भर उन्हात हिने सगळ्या मुलांना सावलीत बसवून पाढे म्हणायला लावले होते आणि ओमानी ड्रायव्हरलाही त्यात ओढलं होतं. हे मी लेखात घातलं नाही. विनोदाची लय बिघडली असती.

लेख लिहून झाल्यावर मी स्वतःशीच हसलो. आतून तिने विचारलं, “काय झालं हो?” मी म्हणालो, “अमेरिका.”

पंधरा दिवसांनी तिने मंडळाच्या अध्यक्षपदासाठी अर्ज भरला.

आमच्या मराठी मंडळात निवडणूक होत नसे. पद्धत अशी की आधीच्या शुक्रवारी कुणा ज्येष्ठाच्या घरी पोहे व्हायचे आणि त्यातच अध्यक्ष ठरायचा. ज्याचं नाव निघे त्याने तीनदा ‘छे छे, मी कुठे’ म्हणायचं आणि चौथ्यांदा ‘तुमचा आग्रहच आहे तर’ म्हणायचं. त्या वर्षी पोह्यांवर एका गृहस्थांचं नाव निघालं होतं. वीस वर्षं मंडळात काढलेला माणूस. अनुभव दांडगा. प्रत्येक कार्यक्रमाआधी माईकसमोर उभं राहून ‘हॅलो, हॅलो’ म्हणायचं काम वीस वर्षं त्यांच्याकडेच होतं, आणि ते त्यांनी कधी दुसऱ्याला करू दिलं नव्हतं. त्यांचं दोनदा ‘छे छे’ म्हणून झालं होतं, तेवढ्यात बायकोचा अर्ज आला. सरळ, कागदावर, सही करून. तिला मंडळाचा हॉल शुक्रवारी सकाळी वर्गासाठी हवा होता. चार वर्षं ती मागत होती आणि चार वर्षं हॉल कसल्या ना कसल्या तालमीला दिलेला असायचा. घरी आता मुलं मावत नव्हती. नवीन येणाऱ्यांना ती परत पाठवत होती, आणि प्रत्येकाला परत पाठवल्यावर तिचा दिवस खराब जायचा.

“तुम्हाला काय वाटतं?” तिने मला विचारलं होतं.

“अवश्य भर,” मी म्हणालो. मला वाटलं, पडेल, कंटाळून वर्गच सोडेल आणि शुक्रवार मोकळे होतील. हे मी तिला सांगितलं नव्हतं, आता इथे सांगतो.

मग एक चमत्कार झाला. माझ्या ब्लॉगचे वाचक वाढले. कुठल्या देशातून किती माणसं येतात हे दाखवणारा एक आकडा पानाच्या तळाशी असायचा. त्यात ओमानपुढे एक, म्हणजे मी, एवढंच असे. तिथे एके दिवशी चाळीस दिसले. दुसऱ्या दिवशी शंभराच्या वर. सगळे त्या अनुभवाच्या लेखावर. मला दुसरं काही सुचलंच नाही. मला वाटलं, कीर्ती आली. त्याच आठवड्यात ते माईकवाले गृहस्थ रुवीत भेटले आणि माझा हात धरून म्हणाले, “अहो, एक ब्लॉग आहे, वाचलात का? काय लिहितो हो माणूस! अमेरिकेवर लिहितो, पण वाटतं इथेच कुठेतरी आपल्यात बसून लिहितोय.”

हे सांगताना ते जरा गालात हसले. मीही हसलो. त्यांना वाटलं मी दिलदार आहे, आणि मला वाटलं त्यांना साहित्याची जाण आहे. हेच गृहस्थ माझ्या बायकोविरुद्ध उभे आहेत हे मला त्या मिनिटाला आठवलंसुद्धा नाही. कौतुकाने माणूस किती बथ्थड होतो ते तेव्हा कळलं.

उलगडा रुवीजवळच्या हमरियात झाला. तिथे दापोलीकडच्या एका गृहस्थाचं झेरॉक्सचं दुकान होतं. बायकोच्या वर्गाची पुस्तकं त्याच्याकडेच निघत, आणि त्याचा धाकटा मुलगा त्या वर्गाला येई. मी नकाशांच्या प्रती काढायला गेलो तर त्याने गल्ल्याखालून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

“ह्यो बघा साहेब. तुमच्या मंडलाचा एक मानूस आलावता. पन्नास कॉप्या काढून दिल्या आनि मंग वाचला. आधी वाचला असता तर मशीन खलास म्हनून सांगितला असता.”

माझाच लेख होता. वरच्या दोन ओळी, ज्यांत अमेरिका आणि त्या भागाचं नाव होतं, तेवढ्या काढल्या होत्या. त्या जागी ठळक अक्षरांत ‘एका उमेदवार बाईंची ओळख’. बाकी स्वल्पविरामासकट जसंच्या तसं. कुणाला काही बदलावं लागलंच नव्हतं. बरण्या, सहल, दोन बसगाड्या. मस्कतमधल्या मराठी माणसाला नावाची गरज नव्हती.

“वहिनींनी माझ्या पोराला घरचं समजून शिकवलानी,” तो म्हणाला. “ह्यो कोन लिवनारा हाय, तेच्या घरात बायको-बिको हाय का नाय?”

मी म्हणालो, “असेल.” नकाशे तिथेच विसरून आलो.

घरी जाऊन लेख काढून टाकायचा असं गाडीत ठरवलं. संगणकासमोर बसलो. आकडा दोनशेवर गेला होता. लेख आता काढला तर संशय येईल, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे दोनशे वाचकांचा लेख काढून टाकायला माझा हात धजेना. सांगायला लाज वाटते, पण असंच झालं.

कागद दोन दिवसांनी घरी पोचला. आमच्या मुलीला तिच्या मैत्रिणीने शाळेत दिला होता. बायको रोज जेवणाआधी मुलीकडून एक परिच्छेद मराठी मोठ्याने वाचून घ्यायची, टेबलावर जे असेल ते, किराणामालाची पिशवीसुद्धा. मुलीने दप्तरातून हा कागद काढला. “आई, समवन हॅज रिटन अबाउट यू. वाचू?”

“वाच,” बायको पोळी लाटत म्हणाली.

मी उठून जाऊ शकलो असतो. बसून राहिलो. तेरा वर्षांची मुलगी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचत होती. चांगला वाचणारा माणूस वाक्यावरून घसरत पुढे जातो. ही प्रत्येक शब्दावर थांबत होती, त्यामुळे मी लिहिलेलं प्रथमच मला नीट ऐकू येत होतं. बरण्यांपाशी बायको हसली. “हे बाकी खरं आहे.” सहलीपाशी तिने मान वर केली.

“भा-ष-णा-ची ता-लीम त्या फ्रि... फ्रिजसमोर...” मुलगी अडखळली. “आई, तालीम म्हणजे?”

लाटणं थांबलं.

“प्रॅक्टिस,” बायको म्हणाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “पुढे वाच.”

मुलीने पुढे वाचलं. फ्रिजने आजवर त्यांना एकदाही अडवलेलं नाही. मुलगी हसली, तिला ते वाक्य आवडलं. बायकोने पोळी तव्यावर टाकली. त्या रात्री आणि पुढचे पाच दिवस तिने मला काही विचारलं नाही. ‘तुमचा त्या अमेरिकेतल्या बाईंशी परिचय आहे का हो?’ एवढंच एकदा, डबा भरताना. मी ‘नाही’ म्हणालो. तेही खरंच होतं.

सभा शुक्रवारी सकाळी होती. प्रत्येक उमेदवाराला पाच मिनिटं. माईकवाले आधी बोलले आणि आपला वीस वर्षांचा अनुभव त्यांनी बारा मिनिटांत सांगितला. मग बायको उठली. हातात एकच कागद होता, तोच. तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. लोक आधी चुळबुळले, मग हसले, मग हसायचे थांबले. फ्रिजच्या वाक्याशी ती थांबली.

“हे खरं आहे,” ती म्हणाली. “मला भीती वाटते म्हणून मी फ्रिजसमोर बोलून बघते. आजही बघितलं. आमच्या घरात फ्रिजशिवाय दुसरं कुणी ऐकतं हे मला माहीत नव्हतं. ज्यांनी हे लिहिलं ते इथे असतील तर त्यांनी खाली आपली सही करावी. मी वाचलं त्याच्याखाली कुणाचं तरी नाव असावं, इतकंच.”

आणि ती खरोखर थांबली. हॉलमध्ये दीडशे माणसं होती. माईकवाले आपल्या बुटांकडे बघत होते. त्यांनी फक्त कागद वाटला होता, लेखक त्यांनाही ठाऊक नव्हता. मला उठायचं होतं. हे मी सवयीने लिहीत नाही, माझे गुडघे खरंच हलले होते. पण मांडीवर बशी होती, बशीत बटाटवडा होता, आणि बशी कुठे ठेवावी याचा मी विचार करत राहिलो. मग ती पुढे बोलली. हॉल, शुक्रवार, परत पाठवलेल्या अकरा मुलांची यादी, वयासकट. ‘मी फार वेळ घेतला नाही’ म्हणून ती बसली.

ती निवडून आली. पालकांनी एकगठ्ठा मतं दिली.

परतताना गाडीत मुलगी मागे झोपली होती. मी म्हणालो, “ते मी...”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पोरीने वाचलं तेव्हापासून. ते एकाच माणसाला माहीत होतं ना.” ती खिडकीबाहेर बघत होती. “मग तुमचा ब्लॉग वाचला. सगळा. ते सात नियम छान आहेत. मला वाटलं होतं पाचव्यासाठी तुम्ही आज उठाल. मी थांबले होते.”

मी त्याच दिवशी लेख लिहिला. खऱ्या नावाने, तितक्याच मोठ्या अक्षरांत. अमेरिकेतल्या त्या बाईंबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती, लिहिलं ते माझ्या घरातलं होतं, आणि टोरांटोकर वगैरे मंडळीही मीच, हे सगळं कबूल केलं. वाचक पुन्हा सतरावर आले, म्हणजे खरं पाहता तेरावर. त्या लेखावर एकच प्रतिक्रिया आली, माईकवाल्यांची: ‘पूर्वीची धार राहिली नाही.’ तिकडच्या त्या बाई निवडून आल्या की पडल्या, हे मी अजून शोधलेलं नाही.

बायको दोन वर्षं अध्यक्ष होती. हॉलमध्ये वर्ग भरला, मला शुक्रवार मिळाले. ती माझ्याशी भांडली नाही, अबोला धरला नाही. डबा तसाच, चहा तसाच. अध्यक्षाला भाषणं फार करावी लागतात, तेव्हा तालमीही वाढल्या. पण त्या स्वयंपाकघरात झाल्या नाहीत, आजही होत नाहीत. ती बेडरूममध्ये जाते आणि आतून कडी लावते. मी बाहेर बसलेला असतो. ‘नमस्कार’ तेवढं कळतं, पुढचं ऐकू येत नाही. पाणी प्यायला मी उठतो, फ्रिज उघडतो, बाटली काढतो आणि दार लावतो. त्या चंदेरी दारात आता मी एकटाच दिसतो.